स्वस्तातली शैवाली

दिवाळी सरली की आमच्याकडची हवा बदलते. लवकर पिकणारं हलकं धान कापून झालेलं असतं, उशिराचं भारी धान अजून बांधीत, म्हणजे भातखाचरात, उभं असतं, आणि मधल्या मोकळ्या झालेल्या रानातून येणाऱ्या वाऱ्याला तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, कोरडा, गोडसर वास असतो. वैनगंगेचं पाणी निवळतं. बसस्टँडच्या भिंतींवर नाटकांची रंगीत पोस्टरं चिकटतात, कारण मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. जत्रा, दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ, नाटक, माहेरी आलेल्या लेकी, घरभर पाहुणे. आणि पाहुण्यांमध्ये हमखास एखादा असा, ज्याच्या मोबाइलमध्ये लग्नाच्या मुलाचा फोटो असतो.

काल अशाच हवेत माझं एक पार्सल आलं. नव्याच एका मालिकेतल्या योद्ध्याची छोटी मूर्ती, आम्ही गोळा करणारी माणसं जिला फिगर म्हणतो ती. मी खोकं उघडलं, तिला हातात तोललं, टेबलावर उभी केली आणि दूर झाले. उभी राहिली. मग दंड फिरवून पाहिला, काखेतली साच्याची रेघ नखानं चाचपली, आणि चेहरा सगळ्यात शेवटी पाहिला. हा क्रम माझा मी ठरवलेला आहे आणि तो मी कुणासाठीही मोडत नाही. चेहरा आधी पाहिला की माणूस फसतो. चेहरा आवडला की पुढचं सगळं माफ होत जातं.

खिडकीतून तणसाचा वास येत होता, हातात प्लास्टिकची मूर्ती होती, आणि मला तो मोसम आठवला.

तेव्हा मी कारध्याला आईबाबांकडे राहत होते. बाबांची थोडी शेती आणि घराला लागून किराणा दुकान. मी रोज पूल ओलांडून भंडाऱ्याला एका चष्म्याच्या दुकानात कामाला जायचे. दिवसभर माणसांच्या नाकावर फ्रेम बसवायची, काडी किती सैल, किती घट्ट, बिजागरीचा स्क्रू कुरकुरतो का, हे पाहायचं. त्या कामानं माझी बोटं हुशार केली. पण फिगरचा नाद त्याच्या आधीचा. कॉलेजात असताना ‘मयूखगड’ नावाची एक मालिका लागायची. जादूचे गड, बोलणारे वृक्ष, आणि एका विशाल सरोवराची राखण करणारी शैवाली. हिरवट चिलखत, हातात भाला. संध्याकाळी जेवताना आम्ही ती पाहायचो. बाबा म्हणायचे, “काय हे भुताखेताचं लावून राहिली!” आणि बातम्या लावायला रिमोट मागायचे, पण शैवाली पाण्यातून वर आली की त्यांचा घास हातात थांबायचा. एका भागात तिच्या डाव्या भुवईवर शत्रूची कट्यार लागते आणि जखमेचा वण कायमचा राहतो. तो भाग संपल्यावर बाबा बराच वेळ ताट तसंच घेऊन बसले आणि म्हणाले, “पोट्टी हिमतीची आहे पण.” मालिका कधीच संपली. माझ्याकडे मात्र शैवाली उरली. पुढे तिच्या फिगर निघाल्या आणि मी पगारातून परवडतील तशा जमवत गेले.

परवडतील तशा, हे महत्त्वाचं. काचेच्या कपाटात ठेवायच्या, परदेशी बनावटीच्या भारी फिगर मी फक्त फोटोत पाहिल्या आहेत. माझा सगळा अभ्यास स्वस्तातल्या फिगरचा. लोकांना वाटतं, स्वस्त म्हणजे वाईट, त्यात पारखायचं काय? मला वाटतं, पारख लागते ती स्वस्तातच. महाग वस्तू करणाऱ्याला सगळंच चांगलं करता येतं. स्वस्त करणाऱ्याला कुठेतरी वाचवावंच लागतं, आणि तो कुठे वाचवतो यावरून त्याची नियत कळते. एकजण कापडी शेल्याऐवजी प्लास्टिकचा शेला देतो, गुडघे ताठ ठेवतो, पण डोळे अगदी नीट रंगवतो. त्यानं उघडपणे वाचवलं. ते तुम्हाला दिसतं, तुम्ही ठरवा. दुसरा चेहरा झकास करतो आणि पायाचा घोटा पोकळ ठेवतो, बुटाच्या आत, जिथे तुमची नजर जाणार नाही. महिनाभरात फिगर कलते. पहिल्याची फिगर मी आनंदानं घेते. दुसऱ्याची फुकट दिली तरी नको.

आईला यातलं काहीच पटत नसे. लग्नाला आलेली मुलगी आणि भिंतीवरच्या फळीवर बाहुल्यांची फौज! पाहुणे येणार म्हटलं की ती सगळ्या शैवाल्या टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवायची. मी परत काढायचे. यावरून आमचं भांडण कधी झालं नाही. ती ठेवायची, मी काढायचे, पोहे होत राहायचे, स्थळं येत-जात राहायची. कुणाला माझा रंग पसंत नसे, कुणाला माझी नोकरी. मलाही बरेचजण पसंत नसत, पण ते विचारण्याची पद्धत नव्हती.

त्या मोसमात आईचे चुलतभाऊ दामोदरमामा एक स्थळ घेऊन आले. मुलगा बपेऱ्याचा, तुमसरच्याही पुढे, मध्य प्रदेशाच्या अगदी सीमेजवळचं गाव. नाव नीलेश. “नागपूरले कंपनीत सुपरवायझर आहे,” मामा म्हणाले. “घरी धानाची शेती. सध्या कापणीसाठी सुट्टी घेऊन आला आहे. पोट्टा शांत आहे.” मग माझ्याकडे पाहून हसत म्हणाले, “तुझ्या बाहुल्यांचंही सांगून ठेवलं मी त्याले. उगाच मागून भानगड नको.” आईनं कपाळावर हात मारला.

ते आले ती दुपार मला अजून स्वच्छ दिसते. अंगणात धान वाळत घातलेलं, त्यावर चिमण्या, आणि त्या उन्हातून दामोदरमामांच्या मागोमाग आत आलेली तीन माणसं. नीलेशचे वडील उंच, ताठ, पांढऱ्या सदऱ्यातले. आई बारीक, डोळे चलाख. आणि नीलेश, हातात एक खोकं घेऊन, ते कुठे ठेवावं हे न कळल्यासारखा. चहा यायच्या आधीच त्यानं ते माझ्यापुढे धरलं.

“मामा म्हणाले तुम्हाले आवडते म्हणून. तुमसरले दुकानात दिसली.”

शैवाली होती. मी तोवर न पाहिलेली, नव्या साच्यातली. खोक्यावर तिचं चित्र एका गुडघ्यावर बसून भाला फेकतानाचं.

त्याच्या आईनं कौतुकानं विचारलं, “कशी आहे व बाई? चांगली आहे का?”

माझ्या आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं: चांगली आहे म्हण, छान आहे म्हण, हस, गप बस. मी हसले. पण कुणी मला फिगर कशी आहे असं विचारलं, तर त्याला दोन उत्तरं असू शकतात हे माझ्या डोक्यातच येत नाही.

“पाहून सांगते,” मी म्हटलं आणि खोकं उघडलं.

मी ती हातात तोलली. समोरच्या टिपॉयवर उभी केली. दूर झाले. शैवाली हळूच मागे कलली, पण पडली नाही. दंड फिरवला, अडकत नव्हता, लोंबतही नव्हता. वास घेतला, स्वस्त प्लास्टिकला कधी कधी घासलेटासारखा वास मारतो, तो नव्हता. मग चेहरा पाहिला आणि मला मनापासून आनंद झाला. डाव्या भुवईवर वण होता. केसाएवढा, पण रंग न पसरता, नेमका जिथे हवा तिथे. स्वस्तातल्या कित्येक शैवाल्यांना तो नसतोच.

“चेहरा फार चांगला केला आहे,” मी म्हटलं. “हा वण पाहा. इतक्या स्वस्तात कोणी एवढी मेहनत घेत नाही. खांदे चांगले आहेत. पाय कमजोर आहेत, भिंतीला टेकवून ठेवावी लागेल. भाला वाकडा आहे, पण तो सरळ होते.”

“वाकडा?” नीलेशचे वडील म्हणाले. त्यांच्या आवाजाला धार आली होती.

“खोक्यात दबून वाकते. आई, चहाचं पाणी ठेवलं आहे ना? वाटीभर गरम पाणी दे ना.”

आईला नाही म्हणता आलं नाही. तिनं पाणी आणलं आणि त्यासोबत चहा-पोहेही. मी शैवालीच्या मुठीतून भाला काढला, गरम पाण्यात बुडवला, मऊ झाल्यावर दोन बोटांत धरून सरळ केला आणि पिण्याच्या थंड पाण्याच्या पेल्यात टाकला. बाहेर काढला तेव्हा तो ताठ होता. नीलेशची आई पदर सावरून पुढे वाकली होती. “अगं बाई!” ती म्हणाली. “असं होते का?”

मी भाला मुठीत बसवला. तिथेच थांबले असते तर बहुधा सगळे हसून पोह्यांकडे वळले असते. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून पुरं झालं नव्हतं.

“एकच गोष्ट मले पटली नाही. खोक्यावर ती गुडघ्यावर बसलेली दाखवली आहे. हिचे गुडघे वळतच नाहीत. न वळणारे गुडघे असू द्या ना, स्वस्तात तेवढं चालते. पण जे नाही ते खोक्यावर दाखवायला नको होतं.”

नीलेशच्या वडिलांनी कप खाली ठेवला. “पाहुण्यानं आणलेल्या वस्तूत खोट काढतात होय तुमच्याकडे?” ते बाबांना म्हणाले. बाबा काहीतरी समजुतीचं बोलणार होते, तोच नीलेश बोलला.

“बाबाजी, थांबा. त्या बरोबर बोलून राहिल्या.” मग तो माझ्या बाबांकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. “मलेही एक सांगायचं आहे. मी नागपूरले नोकरीवर नाही. कंपनीनं तथलं काम बंद केलं, आम्हाले सगळ्यांले घरी पाठवलं. मी सुट्टीवर नाही आलो. मी शेतीच करून राहिलो, अन् पुढेही तेच करणार आहे.”

दामोदरमामांच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, ते चेहऱ्यावरूनच दिसत होतं. नीलेशचे वडील उठले. अंगणात गेले, वाळत घातलेल्या धानाला वळसा घालून फाटकाशी उभे राहिले. त्यांच्या बायकोनं माझ्या आईचे हात धरले, काहीतरी पुटपुटली आणि तीही निघाली. नीलेशनं जाताना फक्त मला नमस्कार केला. शैवाली टिपॉयवर राहिली.

त्यानंतर घरात बरंच बोलणं झालं. बाबा संतापले होते. “फसवून राहिले होते आपल्याले! अन् हा दामोदर काही न पाहता घेऊन आला!” आईचा राग निराळाच होता. “त्यांनी खोटं सांगितलं ते सांगितलं. पण तुले काहून एवढं बोलाव लागते, पल्लवी? एका बाहुलीपायी?” मी दोघांचंही ऐकलं. मला ना फसवलं गेल्याचा राग येत होता, ना बोलल्याचा पस्तावा. मला एकच गोष्ट दिसत होती: लाल कानांनी, भर पाहुण्यांत, स्वतःच्या वडिलांच्या समोर खरं बोलणारा माणूस. ते त्याला सोपं गेलं नव्हतं, आणि त्यात त्याचा फायदा तर मुळीच नव्हता.

पुढचे काही दिवस मी दुकानात फ्रेमा बसवत होते आणि विचार करत होते. संध्याकाळी पुलावरून परतताना दोन्ही काठांवर तणस पेटल्याचा धूर दिसायचा, मंडईच्या लाउडस्पीकरचा आवाज पाण्यावरून यायचा. एका संध्याकाळी घरी आले आणि बाबांना म्हटलं, “बाबा, आपण बपेऱ्याले जाऊ.”

“कायले?”

“मले तो माणूस आवडला. आता त्याचं घर अन् शेती पाहायची आहे. आपल्याले पाहाले ते आले होते ना, तसं आपण त्यांले पाहाले जाऊ.”

“मुलीकडचे असे जात नाहीत, बेटा.”

“न जाऊ देत. आपण जाऊ.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली आणि म्हणाले, “हिमतीची आहेस.” त्यांनी दामोदरमामांना फोन केला. मामा आधी शरमले, मग जोरात हसले आणि बपेऱ्याला निरोप धाडला.

तुमसर गेलं, सिहोरा गेलं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं पिकलेलं भारी धान. सोनेरी म्हणतात तसं नव्हे. जवळून पाहिलं तर ते तपकिरी, पिवळं, मधूनच हिरवं असतं, आणि वारा आला की त्याचा आवाज कोऱ्या साडीसारखा होतो. नीलेश आम्हाला घ्यायला रस्त्यावर आला होता. पायांना माती, डोक्याला दुपट्टा. कारध्याच्या बैठकीत हात कुठे ठेवावे हे न कळणारा माणूस इथे अगदी वेगळा दिसत होता. धुऱ्यावरून, शेताच्या अरुंद बांधावरून, चालताना तो खाली पाहतही नव्हता. पाय आपोआप नेमके पडत होते.

बाबा त्याच्या आईशी बोलत घराकडे गेले. आम्ही दोघं शेतात थांबलो. कापलेल्या धानाचे भारे बांधीत पडले होते आणि काही माणसं ते उचलून पुंजण्यावर, भाऱ्यांच्या गंजीवर, रचत होती.

मी सरळ विचारायला सुरुवात केली. “दारू पिता?”

“नाही.”

“राग येते?”

“येते. पण लवकर जाते. तुम्ही आईले विचारा, ते खरं सांगेल.”

“मी नोकरी सोडणार नाही. इथून भंडारा दूर पडते.”

त्यानं विचार केला. “तुमसरले चष्म्याची दुकानं आहेत. तथी काम भेटते का पाहाव लागेल. मी सोडून देत जाईन गाडीनं.” मग जरा थांबून म्हणाला, “नाही भेटलं तर काय करायचं, ते मले आता माहीत नाही.”

त्याचं हे उत्तर मला सगळ्यात जास्त आवडलं. ज्याला, जे माहीत नाही ते माहीत नाही, असं म्हणता येतं, त्याच्याबरोबर पुढचं शोधता येतं.

“अन् शेतीत मन लागते? खरं सांगा. नोकरी गेली म्हणून करता, का आवडते म्हणून?”

“नागपूरले मी दिवसभर दुसऱ्याच्या कामावर उभा राहत होतो,” तो म्हणाला. “इथं संध्याकाळी मले माझं काम दिसते.” आणि त्यानं हातानं पुंजण्याकडे दाखवलं. बोलून झाल्यावर पुन्हा कान लाल.

मग त्यानंही मला विचारलं. भीती कशाची वाटते, इतक्या आडवाटेच्या गावात करमेल का, आणि सगळ्यात शेवटी, “त्या फिगर किती आहेत? नाही, फळ्या ठोकायला लागतील म्हणून विचारतो.” मी हसले. बऱ्याच दिवसांत इतकी हसले नव्हते.

हे सगळं होत असताना त्याचे वडील दूर एका धुऱ्यावर बसलेले होते. आम्ही आल्यापासून ते तिथेच होते, पाठमोरे. नीलेश म्हणाला, “त्यांले लाज वाटून राहिली. गावात सगळ्यांले सांगितलं आहे त्यांनी, पोरगा सुट्टीवर आला म्हणून.”

मी त्यांच्याकडे गेले. नीलेशला यायला नको म्हटलं, तो भारे उचलू लागला. त्यांच्याजवळ धुऱ्यावर बसले. समोर बगळे बांधीत चालत होते.

“पोरी,” ते म्हणाले, “मी तुमच्या घरी खोटं घेऊन आलो.”

“तुमच्या मुलानं खरं सांगून टाकलं ना.”

“मी त्याले शिकवलं. खूप खर्च केला म्हणून नाही म्हणत, मनातून शिकवलं. माझ्यासारखं चिखलात राहू नये म्हणून. अन् तो परत चिखलातच आला. लोक विचारतात तेव्हा तोंडातून निघतच नाही.”

“चिखलात तो मले चांगला दिसला,” मी म्हटलं. “आमच्या खुर्चीत नव्हता दिसत.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. हसले नाहीत, पण पाठ जरा सैल झाली.

तेवढ्यात रस्त्यानं एक ट्रॅक्टर आला, मागे भाऱ्यांनी भरलेली ट्रॉली. चालवणारा त्यांच्याच वयाचा, गावातला. त्यानं इंजिनाच्या आवाजावर ओरडून विचारलं, “काय हो, पाहुणे कोठचे? अन् पोरगा अजून इथंच? लंबी सुट्टी भेटली वाटते!”

नीलेशचे वडील उठले. मला वाटलं, हात हलवून त्याला पुढे जायला सांगतील. त्यांनी दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि सगळ्या शेताला ऐकू जाईल असं ओरडले.

“सुट्टी नाही, नोकरी सुटली त्याची! आता शेतीच करते माझा पोरगा! अन् ह्या कारध्याच्या पोरीले तो तसाच पाहिजे!”

पुंजण्यावरची माणसं थांबली. नीलेश हातातल्या भाऱ्यासकट जागच्या जागी उभा राहिला. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं आणि आता सगळेच माझ्याकडे पाहत होते.

मी अजून हो म्हटलं नव्हतं. नीलेशला नाही, बाबांना नाही, कुणालाच नाही. पण त्या उन्हात, धुऱ्यावर ताठ उभ्या असलेल्या त्या माणसाशेजारी मी उठून उभी राहिले, आणि त्यांच्या बोलण्यात काहीही दुरुस्ती केली नाही.